‘राइट’च्या पुढे काय लिहाल?

मराठीत हक्काच्या मागे एक ‘चा’ जोडला की काम भागते. इंग्रजीत मात्र ‘राइट’ या शब्दापुढे येणारा दोन-तीन अक्षरांचा शब्द हक्काची जातच बदलून टाकतो. घराचे करारपत्र, मृत्युपत्र किंवा वकिलाची नोटीस हाती पडते, तेव्हा हा फरक केवळ व्याकरणाच्या पुस्तकापुरता राहत नाही.

इंग्रजी लिहिताना मराठी माणूस मोठमोठ्या शब्दांपाशी फारसा अडत नाही. मोठा शब्द अडला तर शब्दकोश उघडता येतो, कुणाला विचारता येते. खरी पंचाईत होते ती ‘टू’, ‘ऑफ’, ‘इन’, ‘फॉर’, ‘ऑन’ या चिमुकल्या शब्दांपाशी. शाळेत त्यांना ‘प्रिपोझिशन’ म्हणतात. ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रश्नापुरती त्यांची घोकंपट्टी होते आणि परीक्षा संपली की सारे विसरले जाते. पुढे कुणी चूक दाखवलीच, तर ‘अर्थ कळला ना, मग झाले’ असे म्हणून विषय मिटवला जातो.

पुष्कळ शब्दांच्या बाबतीत हे म्हणणे चालूनही जाते. रजेच्या अर्जात कुणी ‘रीझन फॉर’ऐवजी ‘रीझन ऑफ’ लिहिले, म्हणून रजा नामंजूर होत नाही. साहेब फार तर मनातल्या मनात हसतील. पण काही नामे अशी आहेत की त्यांच्यापुढचा शब्द बदलला की अर्थही बदलतो. ‘राइट’ म्हणजे हक्क हे त्यातलेच एक. आपल्या देशात घराचे करार, बँकेची कागदपत्रे आणि वकिलांच्या नोटिसा बऱ्याचदा इंग्रजीतच असतात. उच्च न्यायालये व सर्वोच्च न्यायालय यांचे मूळ निकालही इंग्रजीत असतात. तेव्हा आपल्या हक्कापुढे नेमका कोणता शब्द लिहिला आहे, हे प्रत्येकाला, विशेषतः प्रत्येक गृहिणीला, वाचता आले पाहिजे.

अडचण ‘चा’ची

मराठीतली ही चार उदाहरणे पाहा : मतदानाचा हक्क, मुलांचा हक्क, वाटेचा हक्क, घराचा हक्क. चारही ठिकाणी प्रत्यय एकच आहे, पण नाती मात्र चार आहेत. मतदान ही करण्याची गोष्ट आहे. मुले ही हक्क बाळगणारी माणसे आहेत. वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जाणारी आहे आणि घर ही मालमत्ता आहे. मराठी वाचक संदर्भावरून हे सारे ओळखतो, त्यामुळे बिचाऱ्या ‘चा’वर फारसा भार पडत नाही. ‘घरात हक्क’ आणि ‘घरावर हक्क’ असेही आपण म्हणतो, पण रोजच्या बोलण्यात त्या दोहोंत फरक करत नाही.

मग इंग्रजी लिहिताना मनातल्या मनात भाषांतर सुरू होते. ‘चा’ म्हणजे ‘ऑफ’ आणि ‘वर’ म्हणजे ‘ऑन’ असे समीकरण मांडले जाते. त्यातून ‘राइट ऑफ व्होट’ आणि ‘राइट ऑन प्रॉपर्टी’ अशी जोडकामे जन्माला येतात. शब्द सगळे इंग्रजी, पण सांगाडा मराठी!

हा फरक समजून घ्यायला एका कायद्याचे नावच पुरेसे आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण देणाऱ्या २००९ च्या कायद्याला लोक ‘राइट टू एज्युकेशन’ म्हणून ओळखतात. त्याच्या पूर्ण इंग्रजी नावात मात्र ‘राइट ऑफ चिल्ड्रन टू फ्री अँड कम्पल्सरी एज्युकेशन’ असे शब्द आहेत. ‘ऑफ’ने हक्क कोणाचा ते सांगितले आणि ‘टू’ने हक्क कशाचा ते सांगितले. मराठीत याचेच ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क’ असे होते. ‘बालकांचा’ आणि ‘शिक्षणाचा’ यांत एकच ‘चा’ दोन्ही कामे करतो.

‘टू’ : करण्याचा आणि मिळण्याचा

एखादी गोष्ट करण्याचा किंवा मिळवण्याचा हक्क सांगायचा असेल, तर ‘राइट’नंतर ‘टू’ येतो. ‘टू’च्या पुढे क्रियापद आले तर ते मूळ रूपात ठेवावे. म्हणून ‘राइट टू व्होट’ बरोबर आणि ‘राइट टू व्होटिंग’ चूक. पुढे नाम आले तरी हरकत नाही. २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा इंग्रजीत ‘राइट टू इन्फर्मेशन’चा कायदा आहे. खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो ‘राइट टू प्रायव्हसी’.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘टू’ने सांगितलेला हक्क ती वस्तू आपल्या मालकीची करून देत नाही. माहिती अधिकारात दहा रुपये भरून केंद्र सरकारच्या कार्यालयात अर्ज केला, तर त्या कार्यालयातली फाइल पाहता येते, टिपणे काढता येतात, प्रमाणित प्रती मागता येतात. पण ती फाइल अर्जदाराची होत नाही. हक्क पाहण्याचा आहे, फाइलीत वाटा नाही.

‘ऑफ’ : कोणाचा आणि कोणता

‘ऑफ’ची कामे दोन. पहिले काम हक्काचा मालक सांगण्याचे. ‘राइट्स ऑफ विमेन’ म्हणजे स्त्रियांचे हक्क, ‘राइट्स ऑफ चिल्ड्रन’ म्हणजे मुलांचे हक्क. येथे आपला ‘चा’ आणि त्यांचा ‘ऑफ’ यांची जोडी अगदी बरोबर जमते. त्यामुळेच पुढे सगळीकडे ‘ऑफ’ लिहिण्याची सवय लागते.

दुसरे काम म्हणजे ठरीव, नाव मिळालेल्या हक्काची ओळख करून देणे. दुसऱ्याच्या जमिनीतून ये-जा करण्याचा तो ‘राइट ऑफ वे’, वरच्या न्यायालयात दाद मागण्याचा तो ‘राइट ऑफ अपील’, स्वतःचा जीव व मालमत्ता वाचवण्यासाठी प्रतिकार करण्याचा तो ‘राइट ऑफ प्रायव्हेट डिफेन्स’. अशा काही ठिकाणी ‘टू’ही चालतो. ‘राइट ऑफ अपील’ आणि ‘राइट टू अपील’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. मात्र ‘राइट ऑफ व्होट’ चालत नाही. तिथे ‘ऑफ’ वापरायचाच तर ‘राइट ऑफ व्होटिंग’ म्हणावे लागेल आणि ते कानाला जड वाटते. सरळ ‘राइट टू व्होट’ लिहावे.

अनेक उपाहारगृहांच्या दारावर ‘राइट्स ऑफ ॲडमिशन रिझर्व्ह्ड’ अशी पाटी असते. हा प्रवेशाचा हक्क गिऱ्हाइकाचा नव्हे, कुणाला आत घ्यायचे ते ठरवण्याचा मालकाचा. तिथे ‘राइट टू ॲडमिशन’ लिहिले असते, तर हक्क आत येऊ पाहणाऱ्याचा झाला असता. एका चिमुकल्या शब्दाने हक्क उंबरठ्याच्या आतून बाहेर गेला असता! अर्थात अशी पाटी लावली म्हणून मालकाला मनमानी करता येत नाही. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून नागरिकाला दुकान, उपाहारगृह किंवा हॉटेलात मज्जाव करता येणार नाही, असे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात सांगितले आहे.

‘इन’ : वस्तूतच वाटा

आता मालमत्तेकडे वळू. घर, जमीन, दागिने यांच्यात स्वतःचा हिस्सा असेल, तर इंग्रजीत तो ‘राइट इन द प्रॉपर्टी’ असतो. ‘इन’ म्हणजे आत. हक्क त्या वस्तूच्या आतच रुजलेला आहे, असा त्याचा भाव. खरेदीखतात ‘राइट, टायटल अँड इंटरेस्ट’ या तीन शब्दांनंतर हा ‘इन’ हमखास दिसतो. कुठे फट राहू नये म्हणून वकील मंडळी पुष्कळदा ‘इन, टू अँड अपॉन’ असे तीन-तीन शब्द एका ओळीत लिहितात. ते उगाच पांडित्य नसते.

मुलींच्या वारसाहक्काच्या कायद्यातही हाच ‘इन’ आहे. एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी देशभर लागू झाली. महाराष्ट्राने त्यापूर्वीच, १९९४ साली, आपल्यापुरती अशी दुरुस्ती केली होती, मात्र तीत आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. २००५ च्या दुरुस्तीने ती अट ठेवली नाही. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले, की हा हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे २००५ साली त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही.

म्हणजे माहेरच्या अशा मालमत्तेत मुलीला मिळाला तो ‘राइट इन’. नुसते जाऊन राहण्याचा किंवा सणावाराला साडीचोळी घेण्याचा तो हक्क नव्हे. त्यात हिस्सा मागता येतो, वाटणी मागता येते. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मालमत्तेची गोष्ट मात्र वेगळी. तिचे काय करायचे ते वडील हयातीत स्वतः ठरवू शकतात. तिथे मुलालाही जन्माने ‘राइट इन’ मिळत नाही.

‘राइट टू प्रॉपर्टी’ हा आणखी निराळा प्रकार. मालमत्ता बाळगता यावी आणि सरकारने ती मनमानीने काढून घेऊ नये, असा तो नागरिकाचा सर्वसाधारण हक्क. मूळ राज्यघटनेत तो मूलभूत हक्क होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याला मूलभूत हक्कांतून काढले, आणि आता तो अनुच्छेद ३००-अ मध्ये घटनात्मक हक्क म्हणून आहे. त्या दुरुस्तीने कुणाच्या राहत्या घरातला ‘राइट इन’ गेला नाही. दोन हक्क वेगळे, म्हणून दोन शब्द वेगळे.

एकाच वाक्यात दोन हक्क

‘टू’ आणि ‘इन’ यांतला फरक किती मोलाचा आहे, हे पाहायचे असेल तर कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा पाहावा. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमात म्हटले आहे, की कौटुंबिक नात्यातल्या प्रत्येक स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग त्या घरात तिचा मालकीहक्क किंवा हितसंबंध असो वा नसो.

इंग्रजीत या एकाच वाक्यात ‘राइट’ हा शब्द दोनदा येतो. पहिल्यांदा ‘राइट टू रिसाइड’ म्हणजे राहण्याचा हक्क. हा प्रत्येक अशा स्त्रीला दिला आहे. दुसऱ्यांदा ‘राइट, टायटल’ वगैरे शब्दांनंतर ‘इन’ येतो, तो घरातल्या मालकीचा हक्क. हा तिच्याकडे नसला तरी चालेल, असे कायदा म्हणतो. पहिल्या हक्काला दुसऱ्याची गरज नाही, हेच तर या कलमाचे सारे बळ आहे.

घाईने वाचणारा येथे हमखास फसतो. कारण ‘राइट टू रिसाइड’च्या पुढेही ‘इन’ आहे : घरात राहण्याचा हक्क. पण तो ‘इन’ ‘रिसाइड’ या क्रियापदाचा आहे, ‘राइट’चा नव्हे. तो कुठे राहायचे ते सांगतो, मालकी सांगत नाही.

मराठीत मात्र दोन्ही गोष्टी ‘घराचा हक्क’ या एकाच शब्दप्रयोगात मावतात आणि गैरसमजाला दोन्ही बाजूंनी वाव मिळतो. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तेव्हा आपला कसलाच हक्क नाही, असे समजून एखादी सून छळ होत असतानाही मुकाट्याने घर सोडते. तिला ‘राइट टू’ आहे हे ठाऊक नसते. उलट दुसरी एखादी, न्यायालयाने राहू दिले म्हणजे घरात आपला हिस्सा ठरला, असे समजते. तिला ‘राइट इन’ मिळालेला नसतो.

या हक्काचा पल्ला किती, यावर न्यायालयांतही खल झाला आहे. घर नवऱ्याच्या मालकीचे, त्याने भाड्याने घेतलेले किंवा तो सदस्य असलेल्या एकत्र कुटुंबाचे असेल तरच पत्नीला तिथे राहण्याचा हक्क सांगता येईल, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लावला होता. १५ ऑक्टोबर २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सतीशचंदर आहुजा खटल्यात तो अर्थ बदलला. सून जिथे संसार करून राहिली, ते घर सासरच्या नातेवाइकाच्या नावावर असले, तरी ते सामायिक घर ठरू शकते, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वेळी वृद्ध सासू-सासऱ्यांच्या हक्काचाही विचार करावा लागेल, सुनेचा हक्क कधीच हलवता न येणारा असा नाही, हेही बजावले. म्हणजे ‘टू’ने आसरा मिळाला, मालकी जिथल्या तिथे राहिली.

भाड्याच्या घरातला ‘टू’

मुंबई-पुण्यात अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ कराराने घरे दिली-घेतली जातात. त्या कागदामागेही हाच भेद आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात लायसन्सची व्याख्या दिली आहे. थोडक्यात सांगायचे तर, परवानगी नसती तर जे बेकायदा ठरले असते, असे काही दुसऱ्याच्या जागेत करण्याचा हक्क म्हणजे लायसन्स. त्याने त्या जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. म्हणजे राहणाऱ्याकडे ‘राइट टू’ असतो, पण ‘इंटरेस्ट इन’ नसतो. भाडेपट्टा म्हणजे ‘लीज’ असेल तर गोष्ट निराळी. तिथे जागेत हितसंबंध निर्माण होतो. घरमालक लायसन्सच पसंत करतात, त्याचे इंगित हेच.

‘ओव्हर’ आणि ‘अगेन्स्ट’

खेड्यात बांधावरून आणि वाटेवरून होणारे तंटे कुणाला नवे नाहीत. आपल्या शेतात जायला शेजाऱ्याच्या शेतातून वर्षानुवर्षांची वहिवाट असते. या हक्काला इंग्रजीत ‘राइट ऑफ वे’ म्हणतात आणि तो ज्या जमिनीवरून जातो, तिच्या आधी ‘ओव्हर’ येतो. उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे वापर झाला, तर असा हक्क पक्का होऊ शकतो. सरकारी जमीन असेल तर मुदत तीस वर्षांची. ‘ओव्हर’ने एवढेच सांगितले, की जमीन दुसऱ्याची आहे आणि तिच्यावरून जाण्याची मोकळीक आहे. वाटेच्या मातीत वाटा नाही. इंग्रजीत ‘राइट ऑन लँड’ लिहिणारे हा भेदच पुसून टाकतात.

‘अगेन्स्ट’ येतो तो संरक्षणाच्या हक्कापुढे. राज्यघटनेच्या तिसऱ्या भागातली उपशीर्षके या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. समानतेच्या, स्वातंत्र्याच्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या हक्कापुढे ‘टू’ आहे. शोषणाच्या बाबतीत मात्र ‘राइट अगेन्स्ट एक्स्प्लॉयटेशन’ असे लिहिले आहे. वेठबिगारी, माणसांचा व्यापार आणि चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात किंवा खाणीत राबवणे यांना मनाई करणारा हा भाग आहे. तिथे चुकून ‘टू’ पडला, तर शोषण करून घेण्याचा हक्क असा भलताच अर्थ होईल! सुदैवाने येथे मराठीही सावध आहे. आपणही ‘शोषणाचा हक्क’ म्हणत नाही, ‘शोषणाविरुद्ध हक्क’ असेच म्हणतो.

निवड कशी करावी

नियम पाठ करण्यापेक्षा आधी मराठी वाक्य थोडे उलगडून पाहावे. नुसते ‘घराचा हक्क’ न म्हणता पुढील प्रश्न विचारावेत.

• ‘करण्याचा’ किंवा ‘मिळण्याचा’ हा शब्द घालता येतो का? येत असेल तर ‘टू’.

• ‘त्यात माझा वाटा आहे’ असे म्हणायचे आहे का? असेल तर ‘इन’.

• वस्तू दुसऱ्याची असून तिच्यावरून जाण्या-येण्याची मोकळीक आहे का? मग ‘ओव्हर’.

• कशापासून किंवा कुणापासून संरक्षण हवे आहे का? मग ‘अगेन्स्ट’.

• हक्क कोणाचा ते सांगायचे आहे का, किंवा त्या हक्काला ठरीव नाव आहे का? मग ‘ऑफ’.

• लेखणी ‘ऑन’कडे वळली तर क्षणभर थांबावे. तो बहुधा मराठीतला ‘वर’ असतो.

मुलांना अभ्यासात मदत करतानाही नुसता ‘राइट’ शब्द पाठ करून घेऊ नये. ‘राइट टू’, ‘राइट इन’, ‘राइट ऑफ’ अशा जोड्याच एकेका वाक्यासह वहीत लिहून घ्याव्यात. हीच युक्ती ‘क्लेम’ या नामालाही लागू पडते. ‘क्लेम फॉर’ म्हणजे भरपाईसारखी मागणी आणि ‘क्लेम टू’ म्हणजे वस्तूवर सांगितलेला दावा.

करारपत्र, बक्षीसपत्र किंवा तडजोडीचा कागद समोर आला, की सही करण्यापूर्वी पेन्सिल घेऊन ‘राइट’ या शब्दाखाली रेघ ओढावी आणि त्याच्या पुढचा शब्द वाचावा. बहिणीने भावासाठी सोडायच्या हक्कसोडपत्रात ‘राइट इन’ असेल, तर ती आपला हिस्सा देऊन टाकत आहे. वृद्ध आईवडिलांनी मुलाला घर देताना स्वतःसाठी फक्त ‘राइट टू रिसाइड’ राखला असेल, तर घर मुलाचे झाले आणि त्यांच्याकडे राहिला तो निवारा. दोन्ही गोष्टी कुणी समजून-उमजून केल्या तर तक्रार नाही. मात्र केवळ एका शब्दावर निकाल लागत नाही. पुढची-मागची कलमेही पाहावी लागतात, म्हणून शंका आली तर वकिलाला विचारावे. पण विचारायचे काय, हे तरी आधी कळायला हवे. ‘यात माझा हक्क आहे ना?’ एवढेच विचारले, तर ‘हो’ असे उत्तर मिळेल आणि ते खोटेही नसेल. त्याऐवजी ‘हा हक्क राहण्याचा आहे की मालकीचा?’ असे विचारावे.